झेडएफएस स्नॅपशॉटचा रात्रीचा बॅकअप पुन्हा पुन्हा अडकतो: कारणे आणि स्क्रिप्टमधील दुरुस्त्या

रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सेवा) एक स्क्रिप्ट चालते. ती मूळ सर्व्हरवर झेडएफएस या फाइल-सिस्टीमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली स्थिती, घेते, कालच्या आणि आजच्या स्नॅपशॉटमधला फरक एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून बॅकअप सर्व्हरकडे पाठवते आणि सात दिवसांहून जुने स्नॅपशॉट दोन्हीकडून काढून टाकते. ही रचना अनेक ठिकाणी वापरात असते आणि बराच काळ ती विनातक्रार चालतेही. मग एका सकाळी लॉगमध्ये ‘कॅनॉट रिसीव्ह इन्क्रिमेंटल स्ट्रीम’ असा संदेश दिसतो आणि त्यानंतर रोज तोच संदेश येत राहतो. कोणीतरी संपूर्ण डेटा नव्याने पाठवून काम पुन्हा सुरू करते, पण काही आठवड्यांनी तीच अडचण परत उभी राहते.

या संदेशाच्या शेवटी येणारा मजकूर नीट वाचावा, कारण निदान तिथेच दडलेले असते. ‘मोस्ट रिसेंट स्नॅपशॉट डझ नॉट मॅच इन्क्रिमेंटल सोर्स’ असे शब्द असतील, तर ज्या स्नॅपशॉटपासूनचा फरक आपण पाठवत आहोत, तो बॅकअपकडचा सर्वांत ताजा स्नॅपशॉट नाही. ‘हॅज बीन मॉडिफाइड सिन्स मोस्ट रिसेंट स्नॅपशॉट’ असे असेल, तर स्नॅपशॉट जुळत आहे, पण त्यानंतर बॅकअपकडच्या डेटासेटमध्ये (झेडएफएसमधल्या फाइलींच्या स्वतंत्र विभागात) काहीतरी लिहिले गेले आहे. या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. दोन्हींवर सरसकट ‘रिसीव्ह’ या डेटा स्वीकारणाऱ्या कमांडला मोठा ‘एफ’ हा पर्याय जोडण्याची सवय मात्र धोक्याची आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

साखळी नेमकी कुठे तुटते

पहिला प्रकार अधिक वेळा आढळतो आणि त्याने होणारे नुकसानही मोठे असते, म्हणून तो क्रमाने पाहू. रविवारी रात्रीचा स्नॅपशॉट बॅकअपकडे पोचला. सोमवारी रात्री नेटवर्क बंद होते; मूळ सर्व्हरवर सोमवारचा स्नॅपशॉट घेतला गेला, पण तो पाठवता आला नाही. मंगळवारी नेटवर्क पूर्ववत झाले. स्क्रिप्टने मात्र आजची तारीख पाहिली, त्यातून एक दिवस वजा केला आणि सोमवार ते मंगळवार एवढाच फरक पाठवायला घेतला. बॅकअपकडे सोमवारचा स्नॅपशॉट नाहीच, तिथला सर्वांत ताजा रविवारचा आहे, त्यामुळे झेडएफएसने तो प्रवाह नाकारला, आणि तो नाकारणे बरोबरच होते. बुधवारी मंगळवार ते बुधवार हा फरकही याच कारणाने नाकारला जातो. नेटवर्क एकच रात्र बंद होते, पण बॅकअप कायमचा थांबला.

त्याच वेळी स्क्रिप्टचा दुसरा भाग, म्हणजे जुने स्नॅपशॉट काढण्याचा भाग, रोज व्यवस्थित चालत राहतो. पुढच्या सोमवारी रात्री रविवारचा स्नॅपशॉट सात दिवसांहून जुना ठरतो आणि मूळ सर्व्हरवरून निघून जातो. दोन्ही बाजूंना समान असलेला तो शेवटचा दुवा होता. तो गेल्यावर फरक मोजायला आधारच उरत नाही आणि संपूर्ण डेटा नव्याने पाठवण्यावाचून मार्ग राहत नाही. काढण्याचा नियम बॅकअपकडेही तसाच लागू असल्याने परिस्थिती याहून वाईट होते: नवे काही येत नाही आणि जुने रोज गळत जाते, त्यामुळे आठवड्याभरात बॅकअपकडे एकही स्नॅपशॉट शिल्लक राहत नाही. ज्या काळात बॅकअपची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच काळात स्क्रिप्ट तो रिकामा करत असते.

मूळ दोष नेटवर्कचा नाही आणि झेडएफएसचाही नाही. कोणता स्नॅपशॉट आधाराला घ्यायचा आणि कोणता काढायचा, हे दोन्ही निर्णय स्क्रिप्ट कॅलेंडरवरून घेते. स्टोरेजमध्ये प्रत्यक्ष काय आहे, हे ती विचारतच नाही. दुरुस्ती इथूनच सुरू करावी लागते.

आधाराचा स्नॅपशॉट शोधून काढावा, तारखेवरून ठरवू नये

झेडएफएस प्रत्येक स्नॅपशॉटला ‘जीयूआयडी’ नावाची एक ओळखसंख्या देते आणि ‘सेंड’–‘रिसीव्ह’ने पलीकडे गेलेल्या स्नॅपशॉटची ही संख्या दोन्ही बाजूंना तीच राहते. नावावर विसंबण्यापेक्षा या संख्येवर विसंबावे, कारण एखादा स्नॅपशॉट काढून त्याच नावाने दुसरा घेतला, तर नाव जुळते पण आतला डेटा जुळत नाही. दोन्ही सर्व्हरवर ‘झेडएफएस लिस्ट’ ही कमांड स्नॅपशॉट या प्रकारासाठी चालवावी, रकाने नाव आणि जीयूआयडी एवढेच मागावेत, क्रम निर्मितीच्या वेळेनुसार लावावा, मोठा ‘एच’ हा पर्याय देऊन शीर्षकाची ओळ टाळावी, आणि खोली एकवर ठेवून उप-डेटासेटचे स्नॅपशॉट यादीत मिसळू देऊ नयेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की अडचण डोळ्यांना दिसते. वरच्या उदाहरणात बुधवारी सकाळी त्या अशा दिसतील (संख्या सोयीसाठी लहान केल्या आहेत):

मूळ: शनिवार ७१०४, रविवार ७२३९, सोमवार ७३५२, मंगळवार ७४८८
बॅकअप: शनिवार ७१०४, रविवार ७२३९

दोन्ही याद्यांत असलेली शेवटची संख्या ७२३९ आहे. म्हणून आधार रविवारचा घ्यायचा आणि तिथपासून मूळ सर्व्हरवरच्या सर्वांत ताज्या स्नॅपशॉटपर्यंत पाठवायचे. यासाठी ‘झेडएफएस सेंड’चा मोठा ‘आय’ हा पर्याय वापरावा. लहान ‘आय’ दोन स्नॅपशॉटमधला एकूण फरक पाठवतो आणि मधले स्नॅपशॉट वगळतो. मोठा ‘आय’ मधले सर्व स्नॅपशॉटही क्रमाने पाठवतो, त्यामुळे चुकलेल्या रात्रींचा इतिहासही बॅकअपकडे भरून निघतो. हा एक बदल केला की एखादी रात्र, किंवा सलग चार रात्री चुकल्या, तरी पुढच्या खेपेला स्क्रिप्ट स्वतःहून सावरते. दोन याद्यांची तुलना शेलमध्ये काही ओळींत होते, तिच्यासाठी वेगळे साधन बसवण्याची गरज नाही.

याच तुलनेतून आणखी एक दोष कधीकधी उघडकीला येतो. बॅकअपच्या यादीत मूळ सर्व्हरवर नसलेले नवे स्नॅपशॉट दिसतात. असे झाल्यास बॅकअप सर्व्हरवर स्नॅपशॉट आपोआप घेणारी एखादी सेवा चालू आहे का, ते पाहावे. ती सेवा त्या डेटासेटपुरती बंद केली पाहिजे. बॅकअपकडच्या डेटासेटवर स्नॅपशॉट फक्त ‘रिसीव्ह’मधूनच यावेत.

शेवटचा दुवा सुरक्षित ठेवणे

आधार शोधणारी स्क्रिप्टही तो आधार अस्तित्वात असेल तरच उपयोगी पडते. त्यासाठी झेडएफएसमध्ये दोन सोयी आहेत. पहिली ‘होल्ड’. स्नॅपशॉटला एका खुणेने होल्ड लावला की ती खूण ‘रिलीज’ने काढेपर्यंत तो स्नॅपशॉट काढता येत नाही, काढू पाहिल्यास ‘डेटासेट इज बिझी’ असे उत्तर मिळते. दुसरी सोय ‘बुकमार्क’. बुकमार्क स्नॅपशॉट कोणत्या क्षणाचा होता एवढीच नोंद ठेवतो, डेटा धरून ठेवत नाही; पण मूळ बाजूला स्नॅपशॉटऐवजी त्याचा बुकमार्क असला तरी फरक पाठवता येतो.

यातले काय कुठे वापरावे, याचा विचार जागेच्या अंगाने करावा. मूळ सर्व्हरवर होल्ड लावला आणि बॅकअप दोन महिने अडकून राहिला, तर त्या दोन महिन्यांत बदललेला किंवा पुसलेला सर्व डेटा त्या एका स्नॅपशॉटमुळे पूलमध्ये (डिस्क मिळून बनलेल्या साठ्यात) अडकून राहील आणि जिथे रोजचे काम चालते तोच पूल भरत जाईल. म्हणून मूळ बाजूला बुकमार्क आणि बॅकअप बाजूला होल्ड, अशी विभागणी मला योग्य वाटते. बॅकअपकडे खरा स्नॅपशॉट असणे आवश्यकच आहे, तिथे बुकमार्क पुरत नाही.

बुकमार्कची एक मर्यादा लक्षात ठेवावी: तो लहान ‘आय’बरोबरच चालतो, मोठ्याबरोबर चालत नाही. त्यामुळे आधार फक्त बुकमार्कच्या रूपाने उरला असेल, तर आधी त्या बुकमार्कपासून मूळ बाजूवर उपलब्ध असलेल्या त्यानंतरच्या पहिल्या स्नॅपशॉटपर्यंतचा फरक लहान ‘आय’ने पाठवावा आणि मग तिथून पुढचे सर्व मोठ्या ‘आय’ने. बुकमार्कलाही स्नॅपशॉटचीच जीयूआयडी मिळते, म्हणून तुलनेच्या यादीत मूळ बाजूचे बुकमार्क सामील करणे सोपे जाते.

क्रमही महत्त्वाचा आहे. नवा स्नॅपशॉट पलीकडे पोचल्याची खात्री झाल्यावर आधी त्याला बॅकअपकडे होल्ड आणि मूळ बाजूला बुकमार्क लावावा, आणि त्यानंतरच आधीच्या स्नॅपशॉटचा होल्ड सोडावा. उलट क्रमाने केले, तर मधल्या क्षणी वीज गेल्यास कोणताच दुवा राखलेला नसतो.

जुने काढताना

काढण्याचे काम पाठवण्याच्या यशावर अवलंबून ठेवावे. पाठवणे फसले असेल, तर त्या रात्री काहीही काढू नये. शिवाय ‘सात दिवसांहून जुने’ असा नियम ठेवण्यापेक्षा ‘ताजे अमुक इतके सोडून बाकीचे’ असा नियम ठेवावा, म्हणजे नवे येणे थांबले की जुने जाणेही आपोआप थांबते. बॅकअपकडची संख्या मूळ बाजूपेक्षा मोठी असावी.

‘झेडएफएस डिस्ट्रॉय’ ही कमांड स्नॅपशॉट आणि डेटासेट दोन्ही काढते आणि या दोहोंतला फरक नावातल्या ‘@’ या एका चिन्हावर ठरतो. स्क्रिप्टमध्ये नाव तुकड्यांनी जोडले जात असेल आणि ‘@’सह पुढचा भाग ज्या व्हेरिएबलमध्ये आहे ते रिकामे निघाले, तर उरते ते डेटासेटचे नाव. त्यात उप-डेटासेटसह काढण्याचा पर्याय दिलेला असेल, तर संपूर्ण डेटा जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक नावात ‘@’ आहे आणि त्यापुढचा भाग स्क्रिप्टने स्वतः ठरवलेल्या उपसर्गाने सुरू होतो, हे तपासल्याशिवाय ही कमांड चालूच देऊ नये. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट’ला ‘यू’ पर्याय दिल्यास न ठरवलेले व्हेरिएबल वापरताच स्क्रिप्ट थांबते, पण व्हेरिएबलला रिकामी किंमत दिलेली असेल तर हा पर्याय वाचवत नाही, म्हणून वरची तपासणी वेगळी हवीच. नियम बदलल्यावर पहिल्या वेळी ‘एन’ आणि ‘व्ही’ हे पर्याय देऊन ‘डिस्ट्रॉय’ चालवावी. काय निघणार आहे आणि किती जागा मोकळी होणार आहे, ते ती नुसते सांगते, काढत काही नाही.

जागेचा अंदाज घेताना प्रत्येक स्नॅपशॉटसमोरच्या ‘यूज्ड’ रकान्याची बेरीज करू नये. तो आकडा केवळ त्या एकाच स्नॅपशॉटमध्ये असलेल्या डेटाचा असतो. दोन किंवा अधिक स्नॅपशॉटमध्ये सामाईक असलेला डेटा त्यात कुठेच मोजला जात नाही. एकूण आकडा डेटासेटच्या ‘यूज्डबायस्नॅपशॉट्स’ या गुणधर्मात मिळतो.

बॅकअपकडचा डेटासेट बदलला असल्यास

दुसऱ्या प्रकारच्या संदेशाचे कारण बहुधा अगदी किरकोळ असते. बॅकअपकडचा डेटासेट माउंट केलेला (फाइली वापरण्यासाठी जोडलेला) असतो, कोणीतरी एखादी फाइल उघडून पाहते किंवा फाइलींची सूची बनवणारा एखादा कार्यक्रम रात्री त्यातून फिरून जातो, आणि फाइल शेवटची केव्हा वाचली याची वेळ नोंदवली जाते. ती नोंद म्हणजेच लेखन. डेटासेटचा ‘रिटन’ हा गुणधर्म पाहिल्यास शेवटच्या स्नॅपशॉटनंतर किती लिहिले गेले हे कळते आणि नेमक्या कोणत्या फाइली बदलल्या हे ‘झेडएफएस डिफ’ दाखवते.

उपाय एकदाच करून ठेवता येतो. बॅकअपकडे ज्या डेटासेटखाली सर्व काही येते, त्यावर ‘रीडओन्ली’ हा गुणधर्म चालू करावा. याने ‘रिसीव्ह’ अडत नाही, फक्त माउंट केलेल्या फाइलींवरचे लेखन अडते. ‘रिसीव्ह’ला लहान ‘यू’ पर्याय द्यावा, म्हणजे आलेला डेटासेट माउंट होत नाही. मूळ बाजूने गुणधर्मांसह पाठवत असल्यास तिथला ‘रीडओन्ली’ बंद असल्याची नोंदही सोबत येऊ शकते; अशा वेळी ‘रिसीव्ह’मध्येच ‘ओ’ पर्यायाने तो पुन्हा चालू असा द्यावा.

आता मोठ्या ‘एफ’विषयी. तो बॅकअपकडचा डेटासेट सक्तीने मागच्या स्नॅपशॉटवर नेतो आणि त्यानंतरचे बदल टाकून देतो. एखाद्या वेळी, ‘डिफ’ पाहून, गमावण्यासारखे काही नाही याची खात्री करून तो हाताने वापरणे ठीक आहे. पण ‘सेंड’ला मोठा ‘आर’ देऊन उप-डेटासेटसह फरक पाठवला जात असेल, तर हाच ‘एफ’ मूळ बाजूला नसलेले स्नॅपशॉट आणि डेटासेट बॅकअपकडूनही काढून टाकतो. म्हणजे मूळ सर्व्हरवर कोणी चुकून एखादा डेटासेट काढला, तर त्याच रात्री बॅकअपमधूनही तो जाईल. ज्या प्रसंगासाठी बॅकअप ठेवला, त्याच प्रसंगी तो नाहीसा होतो. रोज आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा पर्याय असू नये, असे माझे ठाम मत आहे.

हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही

ही तक्रार वेगळी वाटली तरी वरच्या साखळीतली पहिली चुकलेली रात्र बहुतेक वेळा इथूनच येते. क्रॉनचा ‘पाथ’ (कमांड शोधण्याच्या फोल्डरांची यादी) फार तोकडा असतो आणि ‘झेडएफएस’ ही कमांड ‘एसबिन’मध्ये असते, त्यामुळे ती सापडत नाही आणि एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की फसली हे सांगणारा आकडा) १२७ मिळतो. एसएसएचने पलीकडे चालवलेल्या कमांडलाही हीच अडचण येते, म्हणून दोन्ही ठिकाणी पूर्ण मार्ग लिहावा. क्रॉनटॅबच्या ओळीतच तारीख काढली असेल, तर तिथे टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ ‘नवी ओळ’ असा होतो आणि कमांड अर्धवट तुटते. त्या चिन्हामागे बॅकस्लॅश द्यावा किंवा तारखेचे काम स्क्रिप्टच्या आत न्यावे. एसएसएचची किल्ली पासफ्रेजने बंद असेल, तर क्रॉनला ती उघडता येत नाही. ‘बॅचमोड’ चालू ठेवला की एसएसएच उत्तराची वाट न पाहता लगेच अपयश कळवते.

स्नॅपशॉटच्या नावात नुसती तारीख असल्यास त्याच दिवशी स्क्रिप्ट पुन्हा चालवताना ‘डेटासेट ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असे येते. नावात तास, मिनिटे आणि सेकंदही घ्यावेत आणि वेळ यूटीसी ठेवावी.

खरे अपयश लपवणारी जागा म्हणजे पाइप. बॅशमध्ये पाइपने जोडलेल्या कमांडचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा असतो. लॉगसाठी शेवटी ‘टी’ (आलेला मजकूर फाइलमध्येही लिहिणारी कमांड) जोडले की ‘रिसीव्ह’ फसली तरी ‘टी’ यशस्वी होते, स्क्रिप्ट पुढे सरकते आणि जुने स्नॅपशॉट काढायला लागते. ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केल्यास मधली कोणतीही कमांड फसली की संपूर्ण पाइप फसला असे धरले जाते. माझ्या दृष्टीने बॅकअपच्या स्क्रिप्टमधली ही सर्वांत मोलाची ओळ आहे. मात्र त्यावरही पूर्ण विसंबू नये: पाठवून झाल्यावर बॅकअपकडच्या सर्वांत ताज्या स्नॅपशॉटची जीयूआयडी मागवावी, ती मूळ बाजूच्या ताज्या स्नॅपशॉटशी जुळली तरच यश मानावे आणि तरच होल्ड, बुकमार्क आणि काढण्याच्या पायऱ्यांकडे जावे.

पहिली खेप मोठी असेल, तर ती दुसऱ्या रात्रीपर्यंत चालू शकते आणि दोन स्क्रिप्ट एकमेकींना आडव्या येतात. यासाठी ‘फ्लॉक’ ही एका वेळी एकच स्क्रिप्ट चालू देणारी कमांड वापरावी. प्रक्रिया मेली तरी तिचे कुलूप आपोआप सुटते, हा पीआयडी फाइलपेक्षा (चालू प्रक्रियेचा क्रमांक ठेवणाऱ्या फाइलपेक्षा) तिचा मोठा फायदा. मधेच तुटलेली खेप पुढे चालू ठेवायची असेल, तर ‘रिसीव्ह’ला लहान ‘एस’ द्यावा. मग अर्धवट आलेला भाग टिकतो आणि ‘रिसीव्ह_रिझ्यूम_टोकन’ या गुणधर्मात एक टोकन मिळते. स्क्रिप्टने प्रत्येक खेपेच्या सुरुवातीला हे टोकन आहे का ते पाहावे आणि असल्यास ‘सेंड’ला लहान ‘टी’ पर्यायाने ते देऊन आधी ती खेप पूर्ण करावी, कारण अर्धवट भाग शिल्लक असताना नवी खेप स्वीकारली जात नाही. तो स्नॅपशॉट मूळ बाजूवरून निघून गेला असेल, तर टोकन निरुपयोगी होते. मोठा ‘ए’ देऊन तो अर्धवट भाग टाकून द्यावा लागतो.

दुवा आधीच तुटला असल्यास

दोन्ही याद्यांत, बुकमार्क धरूनही, एकही जीयूआयडी जुळत नसेल, तर पूर्ण प्रत पाठवावी लागेल. त्या वेळी जुन्या बॅकअपवरच नवी प्रत चढवू नये. झेडएफएस तसे करताना ‘डेस्टिनेशन हॅज स्नॅपशॉट्स’ म्हणून अडवते आणि घाईत माणूस जुने स्नॅपशॉट काढून मोकळा होतो. पूर्ण प्रत पोचायला लागणाऱ्या तासांत किंवा दिवसांत मूळ डिस्क गेली, तर हाती काहीच उरत नाही. जुना डेटासेट ‘रिनेम’ने बाजूला ठेवावा आणि नवी प्रत नव्या नावाने ‘एस’ पर्यायासह घ्यावी. ती पूर्ण होऊन जीयूआयडी जुळली, लगेच बुकमार्क आणि होल्ड लागला, पुढची एक फरकाची खेप सुरळीत पार पडली आणि नव्या प्रतीतल्या स्नॅपशॉटचा ‘क्लोन’ करून त्यातल्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहिल्या, म्हणजे मग जुना डेटासेट काढायला हरकत नाही. त्यानंतर बॅकअप सर्व्हरवरच एक छोटी वेगळी स्क्रिप्ट ठेवावी. तिने ताज्या स्नॅपशॉटची निर्मितीची वेळ वाचावी आणि तो ३६ तासांहून जुना असल्यास कळवावे. ती पाठवणाऱ्या स्क्रिप्टवर अजिबात अवलंबून नसल्याने क्रॉन, एसएसएच किंवा मूळ सर्व्हर यांपैकी काहीही बंद पडले तरी दुसऱ्याच दिवशी सूचना मिळते, आणि दुवा तुटण्याआधी दुरुस्तीला पुरेसे दिवस हाताशी राहतात.